सांत नार्सिसच्या माश्या

जिरोना, ५ जून १८०९

बाल्दिरी,

पुढे 'प्रिय' लिहायला हात धजेना, म्हणून नुसतं नाव लिहिलं. नऊ महिने या घरात ते कुणी उच्चारलेलं नाही. आज ग्राऊ खेचरावर मीठ लादून आला, टोपीच्या अस्तरातून तुझी चिठ्ठी काढून माझ्या हातावर ठेवली आणि जिन्याखाली उभा राहिला. उत्तर घेतल्याशिवाय हलणार नाही म्हणतो. तू त्याला चांगलंच पढवलेलं दिसतंय.

तू लिहितोस, 'ताई, यंदा ते परत जायला येत नाहीत. त्यांच्या तोफा रोज माझ्या खिडकीखालून जातात. आग्नेसला ग्राऊबरोबर फिगेरेसला पाठव.' वा! फ्रेंचांच्या इस्पितळात औषधं कुटणाऱ्या माणसाला जिरोनाची काळजी लागली. गेल्या वर्षी तुझे हे पाहुणे दोनदा आले आणि दोनदा शेपूट घालून गेले. तेव्हा तू इथेच होतास, तटावर माझ्या शेजारी दगड उचलत होतास. मग एक दिवस तुला अक्कल आली आणि दुकानाला कुलूप लावून तू त्यांच्याकडे गेलास.

तुझी पोर तुला मिळणार नाही. तिची आई बाळंतपणात गेली तेव्हा ती दोन वितींची होती. कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून मी तिला वाढवलंय. आता सहा वर्षांची झाली. सपातांचे दोरीचे तळवे माझ्या बरोबरीनं वळते. माझ्या कुशीत हात घातल्याशिवाय तिला झोप येत नाही. तिला मी खेचरावर बसवून शत्रूच्या गावाला पाठवू?

तुझी चिठ्ठी तिला वाचून दाखवली नाही. तेवढा वेळ नव्हता.

हे पत्रही मी लिहायला नको होतं. गव्हर्नरानं दवंडी पिटली आहे, शरणागतीचा शब्द काढील त्याला देहदंड. फिगेरेसला पत्र पाठवणाऱ्याला काय देतील ते विचारायला मी गेले नाही.

कितेरिया


जिरोना, ११ जुलै

बाल्दिरी,

हे पत्र तुला कधी मिळेल ठाऊक नाही. ग्राऊ महिनाभर फिरकलेला नाही, चारी बाजूंनी वाटा बंद आहेत. तरी लिहिते, कारण आज मला तुझी जिरवायची आहे.

माश्या आल्या!

आठवतंय? दोन वर्षांपूर्वी सांत नार्सिसच्या सणाला, माझ्याच टेबलावर, माझ्याच हातचं बदक खाता खाता तू काय बोललास? आजोबा तीच गोष्ट सांगत होते: फ्रेंचांनी पाचशे वर्षांपूर्वी संताची कबर फोडली, आतून माश्यांचे लोट उठले, आणि ज्याला त्या चावल्या तो माणूस, ते घोडं जागच्या जागी मेलं. सगळं टेबल छातीवर क्रूस काढत होतं. तू तोंड पुसलंस आणि म्हणालास, "आजोबा, आधी घोडी मेली असतील, माश्या मागनं आल्या." आजोबा त्या दिवशी उपाशी उठले. मी तुला तेव्हाच घराबाहेर काढायला हवं होतं.

तर ऐक. आठ तारखेला त्यांनी मोंजुईकच्या किल्ल्यावर चाल केली. चार वेळा शिड्या लावल्या, चार वेळा खाली पडले. टेकडीच्या उतारावर ते अजून पडलेत, उचलायला कुणी येत नाही. ऊन असं की छपराच्या कौलाला हात लावला तर पोळतो. परवा सकाळी शेजारची एस्कोलास्तिका खालून ओरडली, "कितेरिया, बाहेर ये, बाहेर ये! संतानं सैन्य पाठवलं!" गच्चीवर गेले तर आकाशात काळं काहीतरी हलत होतं. नदीवरून, भिंतींवरून, गल्लीतून, सगळीकडून माश्या. हिरव्या-निळ्या पोटाच्या, मोठ्या. सांत फेलिऊच्या देवळाच्या घंटा वाजल्या. लोक रस्त्यात गुडघे टेकून रडत होते. मीसुद्धा रडले, लाज कसली?

तेव्हापासून गावात कुणी माशी मारत नाही. हाकलतसुद्धा नाही. आमच्या सांता बार्बरा पथकातल्या बायका जखमींना पाणी देतात, पट्ट्या बांधतात. तिथे एका नव्या पोरीनं पंख्यानं माश्या वारल्या तर एस्कोलास्तिकानं तिच्या हातातला पंखा काढून घेतला. म्हणाली, "आपल्याच शिपायांना हाकलतेस? कुणाकडून आहेस तू?" तू स्वयंपाकघरात अन्नावर लावलेली ती जाळीची झाकणं मी काढून माळ्यावर टाकली.

घरोघर खिडकीत बशी ठेवतात, मधाचं पाणी घालून. त्यांनी खाऊनपिऊन ताकदीनं फ्रेंचांकडे जावं म्हणून. आपल्या घरच्या बशीचं काम आग्नेसकडे आहे. फार मनापासून करते. काल तिच्या भाकरीवर सात-आठ माश्या बसल्या होत्या, ती हात न हलवता बसून राहिली.

"आत्या, यांचं झाल्यावर मी खाऊ?"

"खा हं. शिपाई आहेत ते, पहिला घास त्यांचा."

ती थांबली, आणि मग तिनं खाल्ली. असली गुणी पोर आहे तुझी.

वास मात्र फार येतो. वारा टेकडीकडून असला की जेवण जात नाही. पण हे त्यांचं मरण आहे, आपलं नाही.

कितेरिया


जिरोना, ३ सप्टेंबर

बाल्दिरी,

मोंजुईक पडलं हे तुला माझ्याआधी कळलं असेल. गेले तीन आठवडे त्यांच्या तोफा तिथून थेट आमच्या खिडक्यांत बघतात. नदीकडची खोली गेली. आजोबांची खुर्ची गेली. आजोबा त्या खुर्चीत नव्हते, ते मागच्याच महिन्यात पोट बिघडून गेले. तुला कळवायचं राहिलं.

आणि तरी बघ, परवा फ्रेंचांच्या नाकावर टिच्चून आपल्या सैन्यानं रसद आत आणली. पीठ, घेवडा, खारवलेला मासा, शेकडो खेचरं. लोकांनी खेचरांच्या माना मिठीत घेतल्या. त्यात ग्राऊ होता. वाळून चिपाड झालाय, टोपी तीच. तुझी दुसरी चिठ्ठी त्याच्या अस्तरात होती. पहिलीत तू सांगत होतास, या वेळी विनवतोयस. 'ताई, तुझ्या पाया पडतो' असं तू कधी लिहिशील असं मला वाटलं नव्हतं.

ग्राऊ म्हणाला, "बाई, आज संध्याकाळी रिकामी खेचरं परत निघणार. सोबत पलटण आहे. पोरीला पोत्यात गुंडाळून घेतो, कुणाला दिसायची नाही."

मी म्हटलं, "रसद आली म्हणजे वेढा फुटला. आता कशाला जायचं?"

"वेढा फुटला नाही. आम्ही घुसलो एवढंच. वाट आज आहे, उद्या नसेल. तुम्ही त्यांच्या छावण्या बघितल्या नाहीत, मी बघितल्यात. हिवाळ्यासाठी भिंती बांधतायत ते."

"तिथे ताप आहे म्हणतात. माश्यांनी आडवे केलेत म्हणे."

"ताप आहे, खरंय. मेलेल्यांच्या जागी नवे येतात." मग त्यानं आमच्या स्वयंपाकघराकडे बघितलं. टेबलावरची बशी, भिंतीवरच्या माश्या, सगळं बघितलं. "आणि इथे नाही ताप?"

मला राग आला. तेवढ्यात आग्नेस जिन्यावर आली. "आत्या, हा कोण?" मी म्हटलं, "मीठवाला." तिनं त्याला विचारलं, खेचराचं नाव काय. तो म्हणाला, नाव नाही, तू ठेव. ती विचार करत बसली. मी त्याला माझं जुलैचं पत्र दिलं आणि जा म्हटलं. तो गेला तेव्हा तिनं खेचराचं नाव ठरवलं होतं, पण सांगायचं राहिलं म्हणून ती संध्याकाळभर फुरंगटून बसली.

हे तिसरं पत्र तो पुन्हा येईल तेव्हा देईन. संत आपल्या बाजूला आहे, बाल्दिरी. रसद उगीच आत आली नाही.

कितेरिया


जिरोना, २२ सप्टेंबर

बाल्दिरी,

एकोणीस तारखेला ते चार खिंडारांतून एकदम आत शिरायला आले. सगळ्या देवळांच्या घंटा एकदम वाजत होत्या. बायकांनी दारू, पाणी, काडतुसं पोचवली; माझ्या पुढची बाई वाकली ती उठलीच नाही, तिची घागर मी उचलली. खिंडारात आपल्या माणसांनी त्यांना दगडांनी, संगिनींनी, नुसत्या हातांनी मागे लोटलं. तीन तास. आणि ते गेले. मी सांगते ते डोळ्यांनी बघितलेलं सांगते. असा दिवस या गावानं कधी बघितला नसेल.

आता ते चाल करत नाहीत. नुसते बसलेत. एस्कोलास्तिका म्हणते, घाबरले. मला तसं वाटत नाही, पण मी तोंडाला कुलूप लावलंय.

आमच्या तळमजल्यावर जखमी ठेवलेत, तुझ्या दुकानाच्या पुढच्या पडवीत. माश्या त्यांच्या पट्ट्यांवर बसतात आणि तिथून वर स्वयंपाकघरात येतात. त्याच माश्या. एकीचा पंख तुटका आहे, मी तिला ओळखते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

आग्नेसचं पोट जरा बिघडलंय. घेवडा बाधला असेल. बाकी ठीक.

कितेरिया


जिरोना, १४ ऑक्टोबर

बाल्दिरी,

पोट बिघडून तीन आठवडे झाले. घेवडा नव्हता तो. आता रक्त पडतं. गल्लीतल्या निम्म्या घरांत हेच आहे.

मी हे पत्र तुला विचारायला लिहिते आहे आणि तुझ्यापर्यंत ते पोचणार नाही हे मला ठाऊक आहे. ग्राऊ आलेला नाही. कुणीच येत नाही. काय द्यायचं ते सांग. तांदूळ नाही. दूध नाही. घोड्याच्या मांसाचं पाणी देते, ते ती ओकते.

काल तुझ्या दुकानाचं कुलूप पहारीनं तोडलं. सगळ्या बरण्या जशाच्या तशा आहेत, तू लावलेल्या क्रमानं. सगळ्यांवर लॅटिन. मी एकेक बरणी उघडून हुंगली. पूर्वी तू पोटदुखीला मला काहीतरी तपकिरी द्यायचास, कडू, त्याला लवंगेचा वास यायचा. तसल्या तीन बरण्या निघाल्या. तिन्हींपैकी कुठली? चुकीची दिली तर? अर्धा दिवस त्या तीन बरण्या पुढ्यात घेऊन बसले आणि मग परत जागेवर ठेवल्या. धर्मोपदेशकांना लॅटिन येतं म्हणून त्याच बरण्या घेऊन सांत फेलिऊत गेले, तर तेही आजारी. दुसरे होते ते म्हणाले, अक्षर लागत नाही. तुझं अक्षर!

माळ्यावरची जाळी काढून मी तिच्या खाटेवर बांधली आहे. आणि आत शिरलेली माशी मी मारते. बाल्दिरी, मी मारते. ओल्या फडक्यानं, भिंतीवर. एस्कोलास्तिका तिला बघायला आली होती, तिनं ते बघितलं.

"कितेरिया, काय करतेस हे?"

"दिसत नाही?"

"संताचा हात झिडकारतेस. आणि मग पोर बरी व्हायला हवी तुला."

"संताला म्हणावं, फ्रेंच तिकडे आहेत, टेकडीवर. माझ्या घरी काय शोधतो?"

तिनं क्रूस काढला आणि गेली. आता बायका पाण्याच्या रांगेत माझ्या पुढे-मागे जागा सोडतात. सोडू देत. तिचा स्वतःचा नातू परवा गेला, तेव्हा तिच्यावर मला रागावताही येत नाही.

जाळी लावायला मला फार उशीर झाला का? तू झाकणं का लावायचास ते तू कधी नीट सांगितलं नाहीस. नुसतं 'घाण असते' म्हणायचास आणि आमची चेष्टा करायचास. चेष्टा केली नसतीस तर मी ऐकलं असतं. नाही, तेही खोटं. नसतं ऐकलं.

ती तुझ्याबद्दल विचारते. सांगते मी काहीतरी.

कितेरिया


जिरोना, २ नोव्हेंबर

बाल्दिरी,

आज मृतांचा दिवस. दरवर्षीसारखे भाजलेले चेस्टनट नाहीत. मांजर उरलं नाही, उंदीर विकत मिळतो. मेणबत्तीचा एक तुकडा राहिला होता, त्याचे सुरीनं चार केले आणि लावले. आईसाठी, बाबांसाठी, आजोबांसाठी, माझ्या नवऱ्यासाठी. मग पाचवा हवा होता, म्हणून आजोबांचा काढून घेतला. आजोबा समजून घेतील.

आग्नेस बरी आहे. झोपली आहे.

थंडी पडली. माश्या गेल्या.

कितेरिया


जिरोना, १० डिसेंबर

बाल्दिरी,

आज सही झाली. गव्हर्नर तापानं फणफणलाय, त्याच्या जागी बसलेल्यांनी केली. उद्या वेशी उघडणार. गावात आरडाओरडा नाही, रडणंही नाही. लोक भिंतींना टेकून बसलेत. बरेच जण बसलेलेच आहेत.

उद्या त्यांच्या इस्पितळाची माणसं आत येतील. तू त्यांच्यात असशील, हे मी ग्राऊनं सांगायची वाट न बघता जाणते. म्हणून तुझ्याकडे न पोचलेली ही सगळी पत्रं एकत्र बांधून पहिल्या फ्रेंच पहारेकऱ्याकडे तुझ्या नावानं देणार आहे. घरी येण्याआधी वाच. नोव्हेंबरातलं फाडून टाकावं असं वाटलं होतं. ठेवलं. मी कशी बाई आहे ते तुला कळलेलं बरं.

आग्नेस एकोणीस ऑक्टोबरला सकाळी गेली. नऊच्या सुमारास. माझ्या मांडीवर होती, वजन काही राहिलं नव्हतं. माझ्या लोकरी शालीत गुंडाळून तिला गाडीवर ठेवली. त्या दिवशी गाडीवर एकवीस होते. तटालगतच्या मठाच्या बागेत चर खणलाय, त्याच्या पूर्वेच्या टोकाला. पाटी नाही. जागा मी दाखवीन, फार तर दोन हात इकडे-तिकडे होईल.

माश्यांचं मी सांगून टाकलंच आहे. बशा मी तिच्या हातून भरून घेतल्या. तेही तुला माफ करता आलं असतं, सगळं गावच करत होतं, आणि गावाबरोबर वेडं होणाऱ्याला निदान सोबत असते. पण एक गोष्ट माझी एकटीची आहे. ती कुठल्याच पत्रात नाही.

ती जूनपासून विचारायची, "बाबांनी मला बोलावलं नाही?" आणि मी सांगायची, "नाही बाळ, त्यांना तिकडे काम असतं." तुझी पहिली चिठ्ठी चुलीत घातली तेव्हाही हेच सांगितलं, दुसरी घातली तेव्हाही. म्हणायची, "एकदाही नाही?" मी म्हणायची, "एकदाही नाही." मला वाटायचं, दोन-चार महिन्यांत विसरेल तुला. मग ती पुरती माझी होईल. शत्रूचं गाव, फितुरी, सांत नार्सिस, हे सगळं मी पुढे केलं, पण मनात एवढंच होतं. वेढा नसता तरी मी तिला दिली नसती. वेढा आला आणि मला निमित्त मिळालं.

अठराला दुपारी तिला जरा शुद्ध होती. तिनं पुन्हा तेच विचारलं. त्या वेळी माझ्यानं खोटं बोलवेना. मला वाटलं, हे ऐकून तिला बरं वाटेल, आनंदात जाईल. मी म्हटलं, "बोलावलं होतं. दोनदा. तो मीठवाला तुझ्यासाठीच आला होता, खेचर घेऊन. तुझ्या बाबांनी माझ्या पाया पडून लिहिलं होतं."

तिला आनंद झाला असं मला वाटलं. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या, मोजताना तिला पडायच्या तशा. मग तिनं माझ्याकडे बघितलं. रागावलेली नव्हती, तिला खरोखरच कळत नव्हतं.

"मग मी इथं का आहे, आत्या?"

मी म्हटलं, पाणी पी. ती पाणी प्यायली. पुन्हा विचारलं नाही. त्यानंतर ती कशाबद्दलच बोलली नाही, आणि झोपताना तिनं माझ्या कुशीत हात घातला नाही. आजारात हात जड होतात, त्यामुळे असेल. मी स्वतःला हेच सांगते.

उद्या तूही तेच विचारशील, म्हणून उत्तर लिहून ठेवते. मला तिला सोडवत नव्हतं, एवढंच आहे ते. तिला सांगायला हवं होतं, एका वाक्याचं तर काम होतं, ती सहा वर्षांची होती, तिला समजलं असतं. मी पाणी पाजलं.

मारायचं असेल तर मार, मी हात वर करणार नाही. जिन्याच्या तिसऱ्या पायरीला भगदाड आहे, जपून पाय टाक. दार आम्ही नोव्हेंबरात जाळलं, त्यामुळे ठोठावायला काही नाही. सरळ वर ये.

कितेरिया